कोणतीही तरंगणारी वस्तू

भाषांतरकार: म्हणून म्हणते सर, खुर्च्या तरी कमी करू या. चाळीस खुर्च्या आणि आपण दोघं. कोणी फोटो काढला तर सरकारही आपणच आणि जनताही आपणच, असं दिसेल.

उपसचिव: राहू देत. खुर्च्या उचलल्या की माणसं येतात. माझं नशीब मी ओळखून आहे.

भाषांतरकार: सकाळपासून कोणी फिरकलेलं नाही.

उपसचिव: एक जण येऊन गेला की.

भाषांतरकार: तो पंखा बघायला आला होता.

उपसचिव: मग त्यालाच विचारायचं होतं, शेजारच्या देशाशी होणाऱ्या करारावर आपलं काही म्हणणं आहे का.

भाषांतरकार: विचारलं. म्हणाला, बेअरिंग गेलंय.

उपसचिव: घ्या लिहून. 'करार सर्वसाधारणपणे चांगला आहे, मात्र बेअरिंग गेलं आहे, असे जनतेचे मत पडले.' तीन वर्षं वाटाघाटी केल्यात आम्ही. जनता याहून वेगळं काय बोलणार?

भाषांतरकार: मंत्र्यांच्या कार्यालयातून पुन्हा फोन आला होता. पाहुण्यांचं विमान निघालंय. उद्या सकाळी सही. आपला अहवाल त्यांना आज संध्याकाळच्या आत हवाय.

उपसचिव: अहवाल तयारच आहे. वाचा बघू.

भाषांतरकार: 'दोन्ही देशांच्या सामायिक सरोवरातील वाहतुकीच्या कराराबाबत जनसुनावणी यथाविधी पार पडली. पुरेशी प्रसिद्धी देऊनही एकही हरकत प्राप्त झाली नाही.'

उपसचिव: सुरेख.

भाषांतरकार: तो 'पुरेशी' माझ्या घशाखाली उतरत नाही, सर.

उपसचिव: का? राजपत्रात छापलं. खालच्या फलकावर लावलं. सरोवराकाठच्या धक्क्यावर चिकटवलं.

भाषांतरकार: राजपत्र तुम्ही वाचता आणि मी वाचते. फलकासमोर कपाट आहे. आणि धक्क्यावरची सूचना माझ्याच हातची. एकच वाक्य आहे ते, पण शेवटाला पोहोचेपर्यंत सुरुवात काय होती, हे मलाच आठवेना.

उपसचिव: त्या वाक्याबद्दल तुम्हाला शाबासकी मिळाली होती.

भाषांतरकार: तुमच्याकडून.

उपसचिव: मला अशी वाक्यं आवडतात. कोणाला कुठे बोट ठेवायला जागाच मिळत नाही. आता मला सांगा, ही सुनावणीची अट मुळात कोणी घातली? मी. 'लोकांना विचारल्याशिवाय सही नाही,' हे कोण म्हणालं? मी. वर्तमानपत्रात फोटो आला होता माझा. कानामागे हात धरून उभा आहे. छायाचित्रकार म्हणाला, लोकांचं ऐकताय असं दाखवा.

भाषांतरकार: पाहिलाय मी तो. मला वाटलं, तुमचा कान दुखतोय.

उपसचिव: बायकोलाही तेच वाटलं. तिने तेल गरम करायला ठेवलं.

भाषांतरकार: आणि त्याच अटीत आपण लिहून ठेवलंय, एक जरी हरकत आली तरी तिला लेखी उत्तर दिल्याशिवाय सही करता येणार नाही.

उपसचिव: टाळ्या पडत होत्या हो तेव्हा. टाळ्या पडायला लागल्या की माणूस वाटेल ते लिहितो. आता देवाला हात जोडून बसलोय, की लोकहो, तुम्हाला विचारलंय खरं, पण येऊ नका. एवढी संध्याकाळ निभावली की सुटलो. उद्या सही, मग मेजवानी, आणि पुढच्या महिन्यात मी पलीकडच्या राजधानीत, आपल्या वकिलातीत. बायकोने लोकरी कोटसुद्धा शिवायला टाकलेत.

(दार ढकलून सत्तरीच्या घरातली एक बाई आत येते. खांद्याला भलीमोठी कापडी पिशवी.)

आत्या: इथेच सुनावतात का?

भाषांतरकार: या, या मावशी. बसा. पाणी देऊ?

आत्या: बसते नंतर. आधी सांग, आज कोणाची पाळी आहे सुनावायची? लिफ्ट बंद आहे तुमची. दम लागलाय मला, पण बोलायला पुरेल एवढा शिल्लक आहे.

उपसचिव: आत्या? तू इथे कशी?

आत्या: गोट्या! अगं बाई, तू आहेस होय? बरं झालं. परक्या माणसाला झाडायचं म्हणजे मला जरा जडच गेलं असतं.

भाषांतरकार: सर, गोट्या म्हणजे?

उपसचिव: ते नोंदीत घ्यायचं नाही. ही माझी आत्या. मला हिनेच वाढवलं. आत्या, कोट द्यायला कशाला एवढे जिने चढलीस? रविवारी मी आलो असतो.

आत्या: कोट आणलेत. तुझाही झाला, सूनबाईचाही झाला. पण मी त्यासाठी नाही आले. मला सुनावायचंय.

भाषांतरकार: मावशी, सुनावणी म्हणजे तुम्ही बोलायचं आणि आम्ही ऐकायचं.

आत्या: असं होय? मग तसं लिहायचं ना बाई. धक्क्यावर तो कागद लागला, त्यातलं आम्हाला एवढंच कळलं, जनसुनावणी. म्हणजे जनांना सुनावणार. मागे पाणीखात्याचा माणूस आला होता, नळ उघडे टाकता म्हणून अख्ख्या आळीला सुनावून गेला. सगळे म्हणाले, आता बसचा प्रवास करून शहरात जायचं आणि वर बोलणी खाऊन यायचं? सांगितलंय कोणी!

भाषांतरकार: म्हणून कोणी आलं नाही?

आत्या: म्हणूनच. मी म्हटलं, ते सुनावणार असतील तर आपणही चार शब्द सुनावून येऊ. तर म्हणाले, जा तू, आमच्या वाटचंही तूच सुनाव. एवीतेवी कोट द्यायचेच होते.

भाषांतरकार: सर, मी आधी 'लोकांचं म्हणणं ऐकण्यासाठी सभा' असं लिहिलं होतं.

उपसचिव: माहीत आहे. मीच ते खोडून 'जनसुनावणी' केलं. म्हटलं, इतकं सोपं लिहिलं तर वरचे विचारतील, याचा पगार घेता का?

आत्या: पहिल्यापासून असाच हा. निबंधात आई लिहायचं तिथे मातोश्री लिहायचा. मास्तर म्हणाले, मातोश्री काय करतात ते लिही, तर पुढे कोरं.

उपसचिव: आत्या, सुनावायचंय ना तुला? सुनाव. फक्त निबंधाचं राहू दे.

आत्या: होडी बंद करतोयस म्हणे तू.

उपसचिव: कोण म्हणालं?

आत्या: पोलीस येऊन नावाड्याला सांगून गेले. सही झाली की होडी काठावर ओढून उलटी घालायची. पाण्यात दिसली तर जप्त. पलीकडची पोरं त्याच होडीने आमच्या शाळेत येतात. डॉक्टरीणबाई त्याच होडीने तिकडे जातात. आणि धाकटी माझी पलीकडे दिलीये, हे तरी आठवतंय का तुला?

उपसचिव: न आठवायला काय झालं? तिच्या लग्नात पंगतीत वाढायला मीच होतो.

आत्या: दिवस भरलेत तिचे. आज म्हणतात, उद्या म्हणतात. होडीत बसले की अर्ध्या तासात मी तिच्या दारात. आणि तुझ्या वाटेने? आधी बसने मोठ्या बंदरावर. तिथे रांग. शिक्का. मग मोठी बोट. मग पलीकडून परत बस, अख्ख्या तळ्याला वळसा घालून. मी पोहोचेन तोवर पोर चालत दार उघडायला येईल.

उपसचिव: अगं, हा करार होड्यांसाठी नाहीच आहे. चोरटा माल घेऊन मोठ्या बोटी रात्री-अपरात्री कुठेही लागतात. त्यांनी बंदरातच लागावं, एवढंच म्हणणं आहे.

आत्या: मग तेवढंच लिहिलंय का?

उपसचिव: म्हणजे काय! लिहिलंय की. बाराव्या कलमात जलयानाची व्याख्याच दिलीये. वाचून दाखवा हो हिला.

भाषांतरकार: 'जलयान म्हणजे माणूस अथवा माल वाहून नेऊ शकणारी कोणतीही तरंगणारी वस्तू.'

आत्या: कोणतीही?

भाषांतरकार: कोणतीही.

आत्या: म्हणजे होडी आली.

भाषांतरकार: फळी आली. ओंडका आला.

आत्या: माझं घंगाळ आलं. लहानपणी यालाच त्यात बसवून काठाकाठाने पाण्यात सोडायचे मी. हा आत बसून हुकूम सोडायचा, डावीकडे घे, उजवीकडे घे. आता घंगाळ बंदरावर नेऊन शिक्का मारून आणायचं का?

भाषांतरकार: सर, ही व्याख्या आपल्याकडून गेली की त्यांच्याकडून आली?

उपसचिव: आपल्याकडून. माझ्याकडून. त्यांच्याकडचे म्हणत होते, यादी करू. मी म्हटलं, यादीत काहीतरी राहून जातं. 'कोणतीही' घाला. हा शब्द घातला की पुढचा विचारच करावा लागत नाही. माझी अर्धी नोकरी त्या एका शब्दावर झालीये.

आत्या: अरे, त्याच तळ्यात पोहायला शिकलास तू. होडी दिसली नाही तुला?

उपसचिव: नकाशावर तळं निळं असतं, आत्या. निळ्यात काही दिसत नाही. तीन वर्षं त्या निळ्यावर वाद घातला आम्ही. झेंडे केवढे असावेत, खुर्च्यांना हात असावेत की नसावेत, चहा सहीच्या आधी की नंतर. चहावरून तर एकदा बैठक मोडली. होडीचं नाव कोणी काढलं नाही. आणि त्या टेबलावर त्या होडीत बसलेला माणूस मी एकटाच होतो. लाज वाटतेय मला सांगताना.

भाषांतरकार: सर, मग मी ही हरकत म्हणून नोंदवू?

उपसचिव: थांबा जरा. ही घरची आहे. घरचं माणूस जनतेत धरतात का?

भाषांतरकार: नियमात जनतेची व्याख्या आहे.

उपसचिव: काय आहे?

भाषांतरकार: 'जनता म्हणजे कोणतीही व्यक्ती.'

उपसचिव: ही कोणी लिहि… नको. सांगू नका.

आत्या: घंगाळ जलयानात आलं, तशी मी जनतेत आले म्हणायची.

भाषांतरकार: सर, दुसरंही करता येईल. मावशी कोट द्यायला आल्या, दिले, चहा घेतला, गेल्या. बाकी घरगुती बोलणं. मी काही ऐकलं नाही. पंख्याचा आवाज फार होता.

उपसचिव: पंखा बंद आहे.

भाषांतरकार: तेही मी पाहिलेलं नाही.

आत्या: अरे पण एवढं अडलंय कुठे? बाईमाणूस लिहायला तयार बसलंय. लिहून घे आणि मोकळा हो.

उपसचिव: मोकळा कसला होतोय! तुझं लिहून घेतलं की तुला लेखी उत्तर द्यायला हवं. उत्तर द्यायचं तर व्याख्या बदलायला हवी. व्याख्या बदलायची तर पलीकडच्यांना विचारायला हवं. म्हणजे उद्या सही नाही. पाहुणे विमानात बसलेत, सभागृह सजलंय, बँडवाले दोन्ही राष्ट्रगीतं घोकून बसलेत.

भाषांतरकार: आणि उद्या सही नाही तर सरांची वकिलातीतली नेमणूकही नाही.

उपसचिव: हे सांगायची गरज नव्हती.

भाषांतरकार: जनतेला सगळी माहिती द्यावी, असंही तुमच्याच नियमात आहे.

आत्या: थांब, थांब. नेमणूक नाही म्हणजे… हे कोट?

उपसचिव: हो.

आत्या: अरे देवा. दुहेरी अस्तर लावलंय मी. सुईत दोरा ओवायला शेजारणीच्या हातापाया पडले, पण शिलाई कोणाला करू दिली नाही. भाचा निघालाय परदेशी, म्हणून आळीभर मिरवले. आणि मीच तुझ्या वाटेत आडवी पडायला आले?

उपसचिव: तू नाही आडवी पडलीस. माझं 'कोणतीही' आडवं पडलं.

आत्या: जाऊ दे रे. बाई, ठेव ते पेन खाली. मी सुनावायला आले होते, सुनावून झालं. मन हलकं झालं. धाकटीची सासू आहे तिच्यापाशी, बाई चांगली आहे. मी जाईन बंदरावरून. दोन दिवस उशिरा पोहोचले तर बाळ काही रुसून बसत नाही. माझी काही हरकत नाही.

उपसचिव: आत्या, हे वाक्य तेवढं बोलू नकोस.

आत्या: का? नाहीच मुळी हरकत.

उपसचिव: सकाळपासून मी त्याच वाक्याची वाट बघतोय. पण तुझ्या तोंडून नको. मी शिकायला निघालो, तेव्हाही तू असंच म्हणाली होतीस. धक्क्यावर उभी राहून. 'जा की, माझी काय हरकत आहे?' आणि नंतर किती दिवस पानावरून न जेवता उठत होतीस, ते मला धाकटीने सांगितलंय.

आत्या: चुगलखोर मेली.

उपसचिव: घ्या हो लिहून.

भाषांतरकार: सर, नक्की? एकदा शाईने लिहिलं की लिहिलं.

उपसचिव: लिहा म्हणतोय ना. माझा धीर आहे तोवर लिहा. नाव मी नंतर भरतो. आत्या, वय?

आत्या: मला वय विचारतोस?

उपसचिव: नोंदीसाठी लागतं.

आत्या: सत्तर लिही. वरचं सोडून दे.

उपसचिव: व्यवसाय?

आत्या: शिवणकाम. आणि भाच्याला वळण लावणं. दुसऱ्यात यश नाही.

भाषांतरकार: दुसरं लिहू का सर?

उपसचिव: लिहा. अहवालात एक तरी गोष्ट खरी असू दे. आता हरकत सांग.

आत्या: तुमच्यात कशी सांगतात ती?

उपसचिव: आमच्यात सांगतात तशी नको. तुझी तू सांग.

आत्या: मग लिही. लेकीकडे जायला होडी लागते.

भाषांतरकार: एवढंच?

आत्या: अजून काय पाहिजे?

भाषांतरकार: काही नाही, मावशी. वाक्य संपलं तरी सुरुवात आठवतेय, म्हणून दचकले.

उपसचिव: आता मंत्र्यांना लावा. आणि तो फोन जरा कानापासून लांब धरला तरी ऐकू येतो ना?

भाषांतरकार: त्यांचा आवाज? खालच्या फलकापर्यंत जातो. घ्या, लागलाय.

उपसचिव: नमस्कार साहेब… हो, झाली सुनावणी… प्रतिसाद आला ना. एक… हरकत आहे साहेब… नाही, 'हरकत नाही' असं नाही म्हटलं मी. हरकत आहे… होडीची… हो, साधी होडी… अट मीच घातली होती साहेब… हो, तो फोटोही माझाच… नाही, कान ठीक आहे… ऐकतोय… ऐकतोय साहेब… हरकत घेणाऱ्या बाई? माझ्या आत्या… हो, सख्ख्या… ऐकतोय… बरं… बरं साहेब… तसंच करतो.

आत्या: बराच वेळ बोलले.

भाषांतरकार: यातलं अहवालात काय घेऊ, सर?

उपसचिव: घ्या, 'सुनावणी यथाविधी पार पडली.'

भाषांतरकार: आणि 'पुरेशी' काढून टाकू?

उपसचिव: असू द्या. आत्ता झाली ती अगदी पुरेशी झाली.

आत्या: सहीचं काय म्हणाले ते सांग.

उपसचिव: उद्या नाही. पाहुण्यांना सांगायचं, कागदपत्रांची पडताळणी चाललीये. तोवर त्यांना गुंतवून ठेवायचं काम माझ्या गळ्यात. 'एवढं प्रेम उतू चाललंय ना त्या सरोवराचं, मग सकाळी घेऊन जा त्यांना, दाखवा,' असं म्हणाले.

भाषांतरकार: आणि नेमणूक?

उपसचिव: 'नंतर पाहू.'

भाषांतरकार: म्हणजे त्याचा अर्थ…

उपसचिव: भाषांतर नको. ही भाषा मला येते.

आत्या: चुकलंच माझं, गोट्या. रविवारी कोट दिले असते तर बरं झालं असतं.

उपसचिव: रविवारी आली असतीस तर सही होऊन गेली असती, आणि मी कोट घालून तुला दाखवायला आलो असतो. धक्क्यावर होडी उलटी पडलेली असती. आणि मी तुला म्हटलं असतं, हे असं कोणी केलं गं?

आत्या: म्हटलं असतंस खरं. तुझा नेम नाही. पण पाहुण्यांना तळं दाखवणार कशातून?

उपसचिव: तिथे तरंगणारी वस्तू आहेच किती? एक.

भाषांतरकार: सर, करार ज्या होडीवर बंदी घालतोय, तिच्यातच करार करणाऱ्यांना बसवायचं?

उपसचिव: तिच्यातच. आणि बारावं कलम तिथेच काढायचं, बरोबर मधोमध गेल्यावर. तिथे माणूस सहसा होडीच्या विरोधात बोलत नाही.

आत्या: मग त्याच फेरीत मला पलीकडे सोड. पण चार-पाच माणसंच बसतात हं. आणि कोणी उभं राहायचं नाही, मोठा माणूस असला तरी. नावाडी काही येणार नाही, पोलिसांचा धसका घेतलाय त्याने. वल्हवणार कोण?

उपसचिव: मी.

आत्या: अजून येतं तुला?

उपसचिव: तीन वर्षं सगळ्यांना एकाच जागी गोल गोल फिरवलंय. तेवढं तर नक्की येतं.

भाषांतरकार: मावशी, हे कोट परत पिशवीत भरू का?

आत्या: नको, ठेव बाहेर. सकाळी तळ्यावर गारठा असतो. गोट्या, तिकडच्या थंडीसाठी म्हणून बाह्या जरा लांब ठेवल्यात मी. वल्हवताना दुमडून घे.